बुडाला भोक नसलेली बदकं

पिवळंधमक रबरी बदक, नारिंगी चोच, मागे निळाशार समुद्र आणि खाली एक ओळ: अठ्ठावीस हजार बदकं समुद्रात पडली आणि जगभर फिरली. हा फोटो दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतो. गोष्ट खरी असल्यामुळे कुणी हरकत घेत नाही. फोटोतलं बदक मात्र दुसरंच आहे. दाबलं की चूं करणाऱ्या जातीचं हे खेळणं. त्याच्या बुडाला शिट्टीचं भोक असतं आणि खुपतं ते तेवढंच. भोक असलेलं मऊ बदक लाटांबरोबर चेपतं, फुगतं आणि दर वेळी घोटभर पाणी आत घेतं. ते उत्तर पॅसिफिकमध्ये फार दिवस तरलं नसतं. खरी खेळणी कडक, पोकळ प्लास्टिकची होती, चहूबाजूंनी बंद. शिवाय ती नुसती बदकं नव्हतीच. एका पाकिटात चार प्राणी होते: पिवळं बदक, लाल बीव्हर, हिरवा बेडूक आणि निळं कासव. पाकिटं ७,२००, म्हणजे खेळणी २८,८००. त्यातली बदकं फक्त एक चतुर्थांश. बेडूक, कासव आणि बीव्हर यांनी तेवढाच प्रवास केला, पण त्यांच्या वाट्याला फॉरवर्ड आला नाही. चोच असलेल्याचा फोटो चांगला येतो, त्याला कोण काय करणार!

ही खेळणी चीनमध्ये तयार झाली होती, अमेरिकेतल्या 'द फर्स्ट इयर्स' या कंपनीसाठी. हाँगकाँगहून निघालेलं 'एव्हर लॉरेल' हे जहाज वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा बंदराकडे चाललं होतं. १० जानेवारी १९९२ ला आंतरराष्ट्रीय दिनांकरेषेजवळ, साधारण ४५ अंश उत्तर अक्षांशावर, वादळात त्याच्यावरून बारा कंटेनर पाण्यात गेले. त्यातल्या एकात ही आंघोळीच्या टबातली खेळणी होती.

कंटेनर जहाजावरून पडतोच कसा, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. प्रत्येक कंटेनरच्या आठही कोपऱ्यांना भोकं असलेले ओतीव पोलादाचे ठोकळे असतात. एकावर एक दोन कंटेनर ठेवले की मधल्या चार कोपऱ्यांत ट्विस्टलॉक बसतो. त्याचं एक डोकं खालच्या भोकात जातं, एक वरच्या भोकात, आणि फिरवलं की दोन्ही अडकतात. डेकवरच्या खालच्या थरांना याशिवाय टोकाकडून तिरपे पोलादी रॉड लावतात आणि टर्नबकल पिळून ते ताणतात. त्याच्या वरचे थर बऱ्याचदा निव्वळ ट्विस्टलॉकच्या भरवशावर असतात. बिघडतं ते बहुधा साध्या गोष्टींमुळे. लॉक झिजलेले असतात. एका दिशेला फिरवून बंद होणारे आणि उलट दिशेला फिरवून बंद होणारे लॉक एकाच जहाजावर मिसळतात, मग खालून पाहणाऱ्याला बंद वाटणारा लॉक खरं तर उघडा असतो. कागदावर दहा टन आणि आत अठरा टन असा कंटेनर थप्पीच्या डोक्यावर चढतो. माल भरलेल्या कंटेनरचं वजन पडताळूनच तो जहाजावर घ्यायचा, ही सक्ती जगभर लागू झाली ती थेट १ जुलै २०१६ ला. त्याआधी माल पाठवणारा सांगेल ते वजन.

आणि मग डोलणं. जहाजाला एकदा या कुशीवरून त्या कुशीवर जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळाने समोरून लाट येत राहिली, तर प्रत्येक लाट त्या डोलण्यात भर घालते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी कुणी झोका देत राहावं तसं. चार-पाच हेलकाव्यांत जहाज तीस-चाळीस अंश कलतं. थप्पीच्या वरच्या टोकाला जो हिसका बसतो, तो लॉक आणि कोपऱ्याचे खांब यांच्या हिशेबाबाहेरचा असतो. एक थप्पी कोसळली की शेजारच्या थप्पीला घेऊनच जाते. ३० नोव्हेंबर २०२० ला 'वन अॅपस' या जहाजाने पॅसिफिकमध्ये एका वादळात १,८१६ कंटेनर गमावले. त्यापुढे बारा म्हणजे किरकोळच.

पडलेला कंटेनर लगेच बुडतो असंही नाही. त्याच्या दारांना रबरी पट्ट्या असतात आणि भिंतीत वरच्या बाजूला हवेची छोटी भोकं असतात. पाणी आत शिरतं ते हळूहळू. आत स्पंज, बूट, पोकळ खेळणी असा हलका माल असेल तर तो पाण्याच्या पातळीला, जेमतेम पाठ दिसेल असा, बरेच दिवस तरंगू शकतो. छोट्या होड्यांना त्याची खरी भीती असते, कारण रडारवर तो धड दिसत नाही. आतली खेळणी बाहेर यायची तर दार निखळायला किंवा पत्रा फाटायला हवा. 'एव्हर लॉरेल'च्या त्या कंटेनरचं असंच काहीतरी झालं असणार. दुसऱ्या कंटेनरवर आपटून, नाहीतर लाटांच्या माऱ्याने. पण कंटेनर फुटला तरी खेळणी सुटी झाली नव्हती. चारही प्राणी पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात बंद होते.

त्यांना सोडवलं ते भिजलेल्या पुठ्ठ्याने.

खाऱ्या पाण्यात पुठ्ठ्याचा लगदा होतो आणि कवच सुटतं; पुढे चाचण्या करून हे पाहिलं गेलं. त्या वेळी आजच्यासारखं चहूबाजूंनी वितळवून बंद केलेलं, कात्रीलाही दाद न देणारं प्लास्टिकचं पाकीट असतं, तर चार-चारांचे गठ्ठेच वाहत राहिले असते, आणि त्यांचा मार्ग वेगळा झाला असता. पाण्यावर किती भाग आणि पाण्याखाली किती, यावर सगळं ठरतं.

१६ नोव्हेंबर १९९२ ला अलास्कातल्या सिटका गावाजवळ पहिली दहा खेळणी लागली. सुमारे ३,२०० किलोमीटर, दहा महिने. सरासरी काढली तर दिवसाला दहा किलोमीटर. पुढच्या ऑगस्टपर्यंत अलास्काच्या आखाताच्या पूर्व किनाऱ्यावर, साडेआठशे किलोमीटरच्या पट्ट्यात चारशेच्या आसपास सापडली. त्या भागात किनाऱ्यावर हिंडून वाहून आलेल्या वस्तू वेचणाऱ्यांची एक जमातच आहे. ही माणसं हौशी असली तरी वहीत नोंदी ठेवणारी असतात: कुठली पुळण, कुठली तारीख, काय आणि किती. सिएटलमधले समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एब्समेयर यांनी या वह्यांचं मोल ओळखलं. याआधी मे १९९० मध्ये 'हान्सा कॅरियर' जहाजावरून नायकीच्या बुटांचे कंटेनर समुद्रात गेले होते आणि त्यांतून सुमारे एकसष्ट हजार बूट सुटले होते. आईने वर्तमानपत्रातली बातमी दाखवली आणि एब्समेयर त्या बुटांच्या मागे लागले. प्रत्येक बुटावर ऑर्डरचा क्रमांक होता, त्यामुळे हा बूट त्याच जहाजावरचा, हे नक्की सांगता येत होतं. बूट जोडीने बांधलेले नव्हते, म्हणून किनाऱ्यावर एकेकटे आले. मग ओरेगनपासून वरच्या किनाऱ्यापर्यंतच्या वेचणाऱ्यांनी जोड्या जुळवायला चक्क अदलाबदलीचे बाजार भरवले. समुद्रात महिनोन्महिने राहिलेला बूट धुऊन वाळवला की पायात घालता येत होता!

बूट आणि बदकं यांचं शास्त्राला एवढं अप्रूप का, हे समजायला बाटल्यांकडे वळावं लागतं. प्रवाह शोधण्यासाठी चिठ्ठी घातलेल्या बाटल्या सोडायची पद्धत जुनी. एका वेळी पाचशे ते हजार बाटल्या सोडायच्या आणि शंभरातल्या दोन परत मिळाल्या तरी आनंद मानायचा. म्हणजे हातात येणार दहा-वीस ठिपके. इथे एकाच जागी, एकाच दिवशी २८,८०० वस्तू आपोआप सोडल्या गेल्या होत्या. अट एकच: कुठे आणि कधी पडल्या, ते कळायला हवं. तेच कळत नाही. बुडालेल्या मालाची वाच्यता करण्यात जहाज कंपनीला फायदा काहीच नाही. विम्याचे दावे, वकील, बदनामी, सगळा ताप. खेळण्यांच्या वेळीही जहाजाचं नाव बरीच वर्षं बाहेर आलं नव्हतं. पण जागा आणि तारीख मिळाली, आणि त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं. समुद्रात हरवलेल्या बहुतेक मालाचं नशीब एवढं चांगलं नसतं. किनाऱ्यावर वस्तू सापडते, ती कुठून निघाली हे कुणाला तरी माहीत असतं, आणि ती दोन माणसं कधी एकमेकांना भेटत नाहीत.

एब्समेयरांचे सहकारी जेम्स इंग्रॅहम यांनी संगणकावर प्रवाहांचं एक गणित बसवलं होतं, ऑस्कर्स नावाचं, मुळात मासळीच्या अभ्यासासाठी. रोजच्या हवेच्या दाबाच्या नकाशांवरून वारा काढायचा, वाऱ्यावरून पृष्ठभागाचं पाणी किती आणि कुठे सरकेल ते काढायचं, त्यात त्या भागातल्या कायमच्या प्रवाहाची भर घालायची आणि वस्तू एक दिवस पुढे सरकवायची. मग दुसरा दिवस. कागदावर सोपं दिसतं. पण वारा नुसत्या पाण्याला ढकलत नाही, पाण्यावर डोकं काढून असलेल्या वस्तूलाही ढकलतो. बूट जवळजवळ पूर्ण बुडलेला तरंगतो, तो पाण्याबरोबर जातो. पोकळ खेळण्याचा मोठा भाग वर असतो, ते वाऱ्याचंही ऐकतं. म्हणून दोघांना एकाच जागी सोडलं तरी खेळणं पुढे निघतं. गणितात हा वाऱ्याचा हिस्सा किती धरायचा, ते सापडलेल्या खेळण्यांच्या तारखांवरून ताडून बसवता आलं. १९९६ मध्ये काही खेळणी वॉशिंग्टनच्या किनाऱ्याला लागतील असं भाकीत केलं होतं, आणि ती लागली.

आकाराची खोड त्याहून चमत्कारिक. बुटाचा पुढचा भाग आतल्या बाजूला वळलेला असतो, त्यामुळे डावा आणि उजवा बूट वाऱ्याला वेगवेगळा कोन करून तरंगतात आणि हळूहळू दोन दिशांना पांगतात. नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटावर वाहून आलेल्या बुटांत डावे जास्त, तर स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडवर उजवे जास्त, अशी मोजदाद झालेली आहे. ऐकून हसू येतं. पण बेपत्ता झालेल्या एमएच ३७० विमानाच्या पंखाचा तुकडा जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर सापडला, तेव्हा हाच प्रश्न गंभीर होऊन पुढे आला. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने तसाच खरा तुकडा मिळवला, सापडलेल्या तुकड्यासारखा कापला आणि समुद्रात सोडून पाहिला. तो वाऱ्याच्या सरळ रेषेत न जाता डावीकडे सरकत जायचा, आणि आधी धरलं होतं त्यापेक्षा वेगाने. विमान कुठे पडलं असेल, त्याचा अंदाज या एका निरीक्षणाने बराच आवळता आला. डाव्या-उजव्या बुटांचं कोडं सोडवणाऱ्यांना त्यात नवल वाटलं नसेल.

खेळण्यांचं पुढे काय झालं? अलास्काच्या आखातापासून अॅल्युशियन बेटांच्या बाजूने पश्चिमेला, आशियाच्या अंगाने खाली आणि परत पूर्वेला, असा उत्तर पॅसिफिकच्या वरच्या अंगाला एक मोठा भोवरा आहे. खेळणी त्यात सापडली. काही वर्षांच्या अंतराने सिटकाला त्यांची पुन्हा पुन्हा आवक होत राहिली. तेवढ्यावरून भोवऱ्याचा एक फेरा सरासरी तीन वर्षांचा, हे पहिल्यांदा धडपणे मोजता आलं. काही खेळणी बेरिंगच्या सामुद्रधुनीतून वर सरकून आर्क्टिकच्या बर्फात अडकली आणि बर्फाबरोबर अटलांटिककडे निघाली, असा हिशेब मांडला गेला. २००३ मध्ये कंपनीने न्यू इंग्लंड, कॅनडा किंवा आइसलंडमध्ये खरं खेळणं शोधून देणाऱ्याला शंभर डॉलरचा बाँड जाहीर केला. इथून गोष्टीला पंख फुटतात. २००७ मध्ये इंग्लंडच्या डेव्हनमध्ये 'ते' बदक सापडल्याच्या बातम्या झळकल्या. ते निराळंच निघालं. अस्सल खेळण्यावर कंपनीचं नाव उठवलेलं असतं, बूड बंद असतं, आणि एवढ्या वर्षांनंतर बदक पिवळं राहिलेलं नसतं. उन्हाने बदकं आणि बीव्हर पांढरेफटक पडले. बेडकांचा हिरवा आणि कासवांचा निळा रंग मात्र टिकला. म्हणजे त्या फोटोतला पिवळा रंगही गेला.

या सगळ्यात एक अवघडलेपण आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर लोक अजून लेगोचे तुकडे वेचतात. १३ फेब्रुवारी १९९७ ला 'टोकियो एक्सप्रेस' जहाजावरून बासष्ट कंटेनर पडले. एकात लेगोचे ४७,५६,९४० तुकडे होते. योगायोग असा की त्यातले बरेचसे तुकडे समुद्राच्याच खेळातले: पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या पायांतले पंखे, समुद्रगवत, ऑक्टोपस. शिवाय ड्रॅगनही. यादी इतकी नेमकी असल्यामुळे वेचणाऱ्यांना दुर्मीळ काय ते ठाऊक आहे. काळे ड्रॅगन तेहतीस हजारांवर, हिरवे फक्त ५१४, ऑक्टोपस ४,२००. ऑक्टोपस सापडला की माणसं हरखतात. हरखणं खोटं नाही. तरंगणारे तुकडे किनाऱ्याला येतात, बुडणारे मासेमारांच्या जाळ्यात येतात, आणि उरलेले तळाशी आहेतच. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये किनाऱ्यावर सापडलेल्या जुन्या विटांची झीज मोजून अंदाज बांधला: अशी वीट समुद्रात शंभर ते तेराशे वर्षं टिकू शकते. तेराशे वर्षं टिकणाऱ्या कचऱ्याला खजिना म्हणायचं की कचरा? वेचणारा माणूस एकाच क्षणी दोन्ही म्हणतो, आणि दोन्ही बरोबर असतात.

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याची गोष्ट यातली सगळ्यात बोलकी. तिथे १९८० च्या दशकापासून गारफिल्ड मांजराच्या आकाराचे नारिंगी टेलिफोन वाहून यायचे. पस्तीसएक वर्षं. कंटेनरमधून येत असणार हे उघड होतं, पण कंटेनर कुठे? २०१९ मध्ये या फोनना प्रसिद्धी मिळाली तेव्हा एका स्थानिक शेतकऱ्याने सांगितलं की फार वर्षांपूर्वी एका वादळानंतर त्याने तो कंटेनर कड्याखालच्या गुहेत अडकलेला पाहिला होता. मोठ्या ओहोटीलाच जाता येईल अशी ती गुहा. स्वयंसेवक आत गेले तर कंटेनरचे अवशेष आणि फोनचे तुकडे खडकांत रुतलेले. शेतकऱ्याला हे सगळं इतकी वर्षं माहीत होतं. विचारलंच कुणी नव्हतं.

आपल्या किनाऱ्याला खेळण्यांचा असा प्रसाद मिळालेला नाही, पण माल मिळाला आहे. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' यांची टक्कर झाली. चित्रा कलली आणि तिच्यावरच्या बाराशेवर कंटेनरांपैकी तीनशेच्या आसपास पाण्यात घसरले. तरंगत्या कंटेनरांमुळे मुंबई आणि न्हावाशेव्याची वाट काही दिवस बंद ठेवावी लागली. बिस्किटं आणि चहा-कॉफीची पाकिटं वाहून आली, खाऊ नका म्हणून सांगावं लागलं, कारण इतर कंटेनरांत कीटकनाशकं होती. उरण-अलिबागच्या बाजूला तेल लागलं ते वेगळंच. ऑगस्टचा पश्चिमेचा वारा किनाऱ्याकडेच ढकलतो. त्या दिवसांत अरबी समुद्रात जवळपास पडलेली वस्तू परदेशी जात नाही, आपल्याच पुळणीवर येते.

२५ मे २०२५ ला 'एमएससी एल्सा ३' केरळसमोर सुमारे ६४० कंटेनरांसह बुडालं, तेव्हा कोकण वाचलं ते प्रवाहाच्या दिशेमुळे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलटा, उत्तरेकडे. त्यामुळे कोल्लम, तिरुवनंतपुरम आणि पुढे तमिळनाडूपर्यंत कंटेनर आणि प्लास्टिकचा दाणा, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू बनवायचा कच्चा माल, पसरला. हेच डिसेंबरात झालं असतं तर दाणा कारवारकडे, गोव्याकडे सरकायला लागला असता. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था असे मार्ग आता काही तासांत काढते. वारा, लाटा, प्रवाह आणि वस्तूचा प्रकार भरायचा, ठिपक्यांचा पुंजका कुठे सरकेल ते नकाशावर दिसतं. पद्धत तीच, इंग्रॅहमची, फक्त बारीक आणि वेगवान. आणि अडचणही तीच: सुरुवातीचा ठिपका चुकला की पुढचं सगळं चुकलं. १ जानेवारी २०२६ पासून हरवलेल्या कंटेनरांची जागा आणि संख्या कप्तानाने ताबडतोब कळवणं आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं झालं आहे. नियमाचा भर वाटेतल्या जहाजांच्या सुरक्षिततेवर आहे, वेचणाऱ्यांच्या वह्यांवर नाही. पण पहिला ठिपका मिळेल, हेही कमी नाही.

उरलेले ठिपके किनाऱ्यावर फिरणाऱ्यांच्या हातात आहेत. उधाणानंतर भरतीच्या रेघेवर काही अनोळखी दिसलं तर उचलण्याआधी, जिथे पडलंय तिथेच फोटो काढावा, शेजारी चप्पल किंवा पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळतो. फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू असावी. मग उलटं करून बूड पाहावं: ठसा, क्रमांक, कुठल्या लिपीतली अक्षरं. देठावर लोंबणारे शिंपल्यासारखे बार्नॅकल चिकटले असतील तर ते खरवडू नयेत. या जातीचे बार्नॅकल तरंगत्या वस्तूवरच वाढतात, त्यामुळे सगळ्यात मोठ्याच्या लांबीवरून वस्तू किती काळ पाण्यात होती याचा अंदाज येतो. कितव्या किलोमीटरला किती नग, हे लिहावं, आणि काहीच सापडलं नाही तर तेही लिहावं, कारण रिकामी पुळण हाही एक ठिपकाच. पिंप, डबे, गॅसची नळकांडी आणि पांढरी भुकटी सांडलेली गोण यांना मात्र हात लावू नये, पोलिसांना कळवावं. 'एल्सा ३'वर बारा कंटेनर कॅल्शियम कार्बाइडचे होते, आणि ते ओलं झालं की पेट घेणारा वायू सोडतं. सुट्या प्लास्टिकच्या दाण्यावर काहीच छापलेलं नसतं. त्याची गोण धड मिळाली तर ती कचऱ्याच्या गाडीत टाकण्याआधी तिच्यावरचं ग्रेडचं नाव आणि लॉट नंबर वाचता येईल असा एक फोटो घ्यावा.